लघवीचा रकाना : मॉर्फिन घेणाऱ्या एका रुग्णाचं प्रकरण

शुक्रवारी संध्याकाळी सातच्या सुमारास गृहभेटीच्या सिस्टरांना फोन आला. पलीकडून सून बोलत होती. "सिस्टर, आत्या येड्यासारखं करत्यात. भितीवर मुंग्या चढल्यात म्हणत्यात. कप हातात दिला तर हात उडतोय, चहा सगळा अंगावर. लोक म्हणत्यात गोळीनं डोकं फिरलं. बंद करू का गोळी?"

सिस्टरांनी उलट एकच विचारलं, "लघवी कधी झाली?"

फोनवर जरा वेळ शांतता. मग, "काल सकाळी झाली वाटतं. उलीशी."

नर्सेस आणि तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या डॉक्टरांना शिकवताना मी हे प्रकरण वापरतो. ते दोन-तीन रुग्णांवरून जुळवलेलं आहे, त्यामुळे यातल्या आक्का म्हणजे कुणी एक बाई नव्हे. औषधांचे डोस आणि त्यामागचा हिशोब मात्र आम्ही प्रत्यक्षात वापरतो तोच आहे.

आक्का ५८ वर्षांच्या, दुष्काळी पट्ट्यातल्या, आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात खुरपणी केलेल्या. दोन वर्षांपूर्वी गर्भाशयमुखाचा कॅन्सर निघाला, तिसऱ्या टप्प्यातला. किरणोपचार झाले, सोबत आठवड्याला एक सिस्प्लॅटिन, म्हणजे केमोचं औषध. वर्षभर बरं गेलं आणि मग ओटीपोटात गाठ परतली. आमच्याकडे आल्या तेव्हा डाव्या कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत आग आणि चमका, कंबरेत सतत ठणका. आडवं पडवत नव्हतं. गुडघे पोटाशी घेऊन, उशीवर डोकं टेकून, बसल्या बसल्या रात्र काढायच्या. तीन आठवडे असंच चाललं होतं.

दहापैकी किती दुखतं, हा प्रश्न आमच्याकडे फारसा चालत नाही. आम्ही विचारतो, रुपयात किती? त्यांनी लगेच सांगितलं, "सोळा आणे." हातात गावच्या दवाखान्यातल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता. डायक्लोफिनॅकची इंजेक्शनं, पॅरासिटामॉल आणि ट्रॅमाडॉल ५० मिलिग्रॅम दिवसातून चारदा. ट्रॅमाडॉलनं उलट्या होत होत्या आणि दुखणं चार आण्यांनीही उतरत नव्हतं. ट्रॅमाडॉलला वरची मर्यादा असते, दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या पुढे जाता येत नाही, त्यापुढे झटके येण्याची भीती. मॉर्फिनला तशी ठरलेली मर्यादा नाही. दुखणं आणि गुंगी यांचा मेळ बसेल तिथे डोस थांबतो.

मुलगा दाराशी उभा होता. आक्का ऐकत नाहीत असं बघून हळूच म्हणाला, "मॉर्फिन म्हंजे शेवटचं ना, डॉक्टर?"

हा प्रश्न मला दर आठवड्याला ऐकू येतो. त्यात लोकांचा दोष नाही. मॉर्फिन इतक्या उशिरा सुरू होतं की ते आणि मरण शेजारी शेजारी दिसतात. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर तर परवान्यांच्या जंजाळापायी कित्येक दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडून दिलं. विरोधाभास असा की कायदेशीर परवान्यावर अफू पिकवणाऱ्या मोजक्या देशांत आपण आहोत. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात अफूची शेती होते, आणि इथल्या कॅन्सरच्या बाईला ट्रॅमाडॉलवर ठेवतात. २०१४ मध्ये कायदा सुधारला. मॉर्फिन, फेन्टॅनिल, मेथाडोन यांच्यासह सहा औषधं 'अत्यावश्यक' ठरली, २०१५ च्या नियमांनी देशभर एकच पद्धत आली. मान्यताप्राप्त संस्थेला आता राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरते. तरी धाक गेलेला नाही. त्यात हल्ली अमेरिकेतल्या ओपिऑइडच्या, म्हणजे मॉर्फिनच्या जातीच्या औषधांच्या, व्यसनाच्या बातम्या वाचून तरुण डॉक्टरही बिचकतात. तिथे औषध नको तिथे सुटलं, आपल्याकडे हवं तिथे पोचत नाही, हे दोन वेगळे आजार आहेत.

सुरुवात

क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं नीट चालतात का हे सांगणारा रक्तातला आकडा, १.० होतं, ठीक होतं. १० मिलिग्रॅमची अर्धी गोळी, म्हणजे ५ मिलिग्रॅम, दर चार तासांनी सुरू केली : सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, आणि रात्री दहाला दुप्पट, म्हणजे मध्यरात्री दोनला उठायला नको. दुखायला लागल्यावर नव्हे, घड्याळाप्रमाणे. मधेच कळ आली तर नेहमीच्या डोसाइतकाच एक जादा डोस, आणि तो वहीत लिहायचा. उलटीसाठी पहिले पाच-सहा दिवस मेटोक्लोप्रमाइड. मॉर्फिनची मळमळ काही दिवसांत शरीर पचवतं. बद्धकोष्ठाची मात्र शरीराला कधीच सवय होत नाही, म्हणून बिसाकोडिल पहिल्या रात्रीपासून, रोज, न विसरता. पायातली आग नसेची होती. तिच्यासाठी प्रीगाबालिन ७५ मिलिग्रॅम दोन वेळा.

दहा दिवसांत डोस १५ मिलिग्रॅमवर आला. दिवसाचे चार आणि रात्रीचा दुप्पट धरून एकूण ९० मिलिग्रॅम. दुखणं दोन-तीन आण्यांवर आलं. आक्का आडव्या झोपायला लागल्या. तिसऱ्या भेटीला सिस्टर गेल्या तेव्हा ओसरीवर बसून सुपात ज्वारी पाखडत होत्या. श्वास मिनिटाला १६. दुखण्याच्या मापानं हळूहळू वाढवलेलं मॉर्फिन सहसा श्वास दाबत नाही, कारण दुखणंच श्वासाला जागं ठेवतं. मुलाची भीती इथे मोडली. आमचीही सावधगिरी इथेच सैल झाली.

आमची वही तेव्हा अशी होती : तारीख, दुखणं किती आणे, मॉर्फिनच्या वेळा, जादा डोस, शौच झाली का, उलटी, झोप. सात रकाने, सुनेनं सुवाच्य अक्षरात भरलेले. लघवीचा रकाना नव्हता.

सातवा आठवडा

कंबरेचं दुखणं पुन्हा वाढलं. वहीत दिसतं : सोमवारी एक जादा डोस, मंगळवारी दोन, बुधवारी तीन. सुनेनं सांगितल्याप्रमाणेच केलं होतं. बुधवारी एकूण १३५ मिलिग्रॅम गेलं. मंगळवारच्या फोनवर आमच्याकडून कुणीतरी म्हणालं, "आजार वाढतोय, जादा डोस घ्या." आजार वाढत होता हे खरं. कुठे वाढतोय, हे कुणी विचारलं नाही.

शेजारच्या गावच्या डॉक्टरांनी बुधवार-गुरुवारी डायक्लोफिनॅकची दोन इंजेक्शनं दिली. उलट्या होत होत्या, पाणी पोटात टिकत नव्हतं. गुरुवारी रात्री हात उडायला लागले. शुक्रवारी दिवसभर पेंग, मधेच दचकून उठायचं, मेलेल्या आईला हाका मारायच्या. घरात नातेवाईक जमले. कुणीतरी गंगाजळ शोधलं. दुपारचा आणि संध्याकाळचा डोस सुनेनं तरीही वेळेवर दिला होता, कारण आम्हीच बजावलं होतं की वेळ चुकवायची नाही.

आमची गाडी साडेआठला पोचली. हाक मारली की डोळे उघडत, एक शब्द बोलत, पुन्हा मिटत. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. श्वास मिनिटाला ८, ऑक्सिजन ९१ टक्के. जीभ कोरडी. हात धरून ठेवला तर स्नायूंचे बारीक झटके बोटांना लागत होते. ओटीपोटावर हात ठेवून मूत्राशय भरलंय का ते पाहिलं, कारण मॉर्फिननं लघवी तुंबूही शकते. मूत्राशय लागलं नाही. कॅथेटर घातला, ३० मिलिलीटर गडद लघवी आली. म्हणजे लघवी अडलेली नव्हती, खालपर्यंत येतच नव्हती.

गर्भाशयमुखाचा कॅन्सर पसरतो तो बहुधा बाजूला, आणि तिथूनच दोन्ही मूत्रवाहिन्या जातात. त्या बाहेरून दाबल्या जातात, वर मूत्रपिंड फुगतं, कंबर दुखते. या आजारात हे इतकं ठरलेलं आहे की सात आठवड्यांत एकदाही क्रिएटिनिन पुन्हा न तपासणं ही आमचीच चूक. त्यात उलट्यांनी पाणी कमी झालेलं. डायक्लोफिनॅकनं मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा आणखी आवळला. ज्या दुखण्यासाठी मॉर्फिनचे जादा डोस जात होते, ते दुखणंच सांगत होतं की मॉर्फिन आता शरीराबाहेर पडणार नाही.

कारण मॉर्फिन यकृतात मोडतं, पण तिथे त्याचा प्रभाव संपत नाही. दोन मुख्य पदार्थ तयार होतात, मॉर्फिन-३-ग्लुकुरोनाइड आणि मॉर्फिन-६-ग्लुकुरोनाइड. दोन्ही लघवीतून जातात. सहा नंबरचा वेदना शमवतो, गुंगी आणतो, श्वास दाबतो. तीन नंबरचा वेदनेवर काही करत नाही, पण झटके आणि भास यांचा संशय त्याच्यावर आहे. मूत्रपिंड बंद पडलं की दोन्ही साचत जातात. गोळी तेवढीच राहते, रक्तातला परिणाम रोज वाढतो. प्रीगाबालिन तर जवळजवळ जसंच्या तसं लघवीतूनच जातं, आणि तेही गुंगी आणतं, झटके आणतं. म्हणजे ज्या दोन औषधांनी आक्का ओसरीवर बसल्या होत्या, त्या दोघांचा निचरा एकाच नळीतून होता.

नॅलोक्सोन, थेंबाथेंबानं

जिल्ह्याच्या गावी नेताना वाटेत श्वास ६ वर आला, ऑक्सिजन ८४. आता हाक मारून डोळे उघडत नव्हते. श्वास आठ किंवा जास्त असता, हाकेला उठत असत्या, तर मी नुसतं मॉर्फिन थांबवून, ऑक्सिजन लावून वाट पाहिली असती. आता थांबण्यात अर्थ नव्हता.

रुग्णालयाच्या तातडीच्या कक्षात तरुण डॉक्टरनं मॉर्फिनवरचा उतारा, म्हणजे नॅलोक्सोनची ४०० मायक्रोग्रॅमची पूर्ण एम्प्यूल सिरिंजमध्ये ओढून ठेवली होती. त्याच्या पुस्तकाप्रमाणे ते बरोबर होतं. अति नशेत बेशुद्ध पडलेल्या माणसाला ती चालते. सात आठवडे मॉर्फिनवर असलेल्या, ओटीपोटात गाठ घेऊन फिरणाऱ्या बाईला ती एका दमात दिली तर सोळा आणे दुखणं एका मिनिटात परत येतं, वर औषध तुटल्याचा थरकाप, रक्तदाब भडकणं, क्वचित फुप्फुसात पाणी. शिवाय ती किंचाळताना घरच्यांनी पाहिली, तर पुढच्या दहा गावांत मॉर्फिनचं नाव कुणी घेणार नाही.

ती एम्प्यूल आम्ही सलाइननं १० मिलिलीटर केली. म्हणजे एका मिलिलीटरमध्ये ४० मायक्रोग्रॅम. एक मिलिलीटर शिरेतून, दोन मिनिटं श्वास मोजायचा. पुन्हा एक. तिसऱ्या मिलिलीटरनंतर श्वास १२ वर आला, ऑक्सिजन ९५. आक्कांनी डोळे उघडले, सुनेकडे पाहिलं, पुन्हा मिटले. पूर्ण जाग आली नाही, ती आणायचीही नव्हती. आपण श्वास मोजत असतो, शुद्ध नव्हे. हे त्या तरुण डॉक्टरला मी तीनदा सांगितलं, कारण तो चौथा मिलिलीटर द्यायला हात पुढे करत होता.

पन्नास मिनिटांनी श्वास पुन्हा ७. यात नवल नाही. नॅलोक्सोनचा असर अर्धा-पाऊण तास, फार तर दीड तास. साचलेलं सहा नंबरचं रसायन मात्र मूत्रपिंड चालू होईपर्यंत दिवसभरही बसून राहतं. म्हणून जितक्या डोसानं श्वास सुधारला, त्याच्या दोन तृतीयांश, म्हणजे ताशी ८० मायक्रोग्रॅम, ड्रिपमधून रात्रभर. एकदा नॅलोक्सोन दिलं, पेशंट उठला, घरी सोडला, आणि तो गाडीतच श्वास सोडून बसला, अशा घटना याच हिशोबाच्या चुकीतून होतात.

रक्ताचे आकडे आले : क्रिएटिनिन ५.२, पोटॅशियम ६.१, ईसीजीवर लहरी टोकदार. वाढलेलं पोटॅशियम हृदयाला घातक, म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट, इन्सुलिन आणि ग्लुकोज दिलं. सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडं फुगलेली, डावं पातळ झालेलं, उजव्यात अजून जीव.

पिशवी लावायची का

यावर आमच्यात एकमत नव्हतं, आणि आजही मी छातीठोक सांगू शकणार नाही. पाठीतून उजव्या मूत्रपिंडात नळी घातली तर लघवी बाहेर पिशवीत येईल, क्रिएटिनिन उतरेल. गाठ मात्र तिथेच राहील. मूत्रपिंड निकामी होऊन येणारं मरण बहुधा गुंगीतलं असतं, गाठीचं मरण तसं असेलच असं नाही. एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं स्पष्ट विचारलं, "तुम्ही तिला एका सोप्या वाटेवरून अवघड वाटेवर आणताय का?" प्रश्न रास्त होता.

शनिवारी सकाळी आक्का शुद्धीत होत्या, अधूनमधून घसरत. मुलानं परस्पर होकार द्यायची तयारी दाखवली होती, पण आम्ही त्यांनाच विचारलं. पाठीत सुई जाईल, नळी राहील, पिशवी कायमची, गाठ बरी होणार नाही. त्यांनी विचारलं, "सुई किती दुखंल?" जागा बधिर करून, म्हणालो. मग म्हणाल्या, "लावा. असं गुंगीत पडून ऱ्हायला नको मला. पण परत बंद पडली तर ते रगात धुवायचं मशीन नको." हे मुलासमोर, सुनेसमोर झालं, आणि केसपेपरवर लिहून ठेवलं. पुढे त्याचा उपयोग झाला.

दुपारी नळी गेली. पहिल्या चोवीस तासांत साडेतीन लिटर लघवी आली, त्यामागे सलाइन धावतं ठेवावं लागलं. सोमवारी क्रिएटिनिन ३.१, दहाव्या दिवशी १.८. नॅलोक्सोनचं ड्रिप रविवारी सकाळी थांबलं. झटके त्याच रात्री विरले. मुंग्या भिंतीवरून उतरल्या, हे आक्कांनीच हसत सांगितलं.

आणि रविवारी दुपारी दुखणं परत आलं. बारा आणे.

फेन्टॅनिलचा पॅच

गावात तोवर ठरलं होतं की मॉर्फिन विष आहे. रुग्णालयातल्या एका डॉक्टरनं केसपेपरवर 'मॉर्फिनची ॲलर्जी' असं लिहिलं, लाल शाईनं. ते मी खोडलं. ती नोंद राहिली असती तर ओपिऑइड कायमचं गेलं असतं आणि आक्का पुन्हा डायक्लोफिनॅकवर गेल्या असत्या. खोडून लिहिलं : 'मूत्रपिंड अडल्यामुळे मॉर्फिनचे अवशेष साचले.'

मूत्रपिंड कमजोर असताना मॉर्फिनच्याच जातीचं फेन्टॅनिल बरं, कारण ते यकृतात मोडतं आणि मोडून जे उरतं त्यात दम नसतो. हिशोब जुन्या ९० मिलिग्रॅमवरून धरला, १३५ वरून नव्हे. तोंडानं ९० म्हणजे पॅचच्या (कातडीवर चिकटवायच्या औषधी पट्टीच्या) भाषेत साधारण ताशी ३७ मायक्रोग्रॅम. औषध बदलताना पाव ते अर्धा भाग कापायचा असतो, म्हणून ताशी २५ चा पॅच. रविवारी संध्याकाळी, पूर्ण जागं असताना, श्वास १६ असताना लावला. पॅचचा असर चढायला बारा ते चोवीस तास लागतात. तोवर शिरेतून फेन्टॅनिलचे छोटे डोस दिले. उतरायलाही तो तितकाच संथ. पॅच काढला तरी कातडीत साठलेलं औषध पुढे दिवसभर झिरपत राहतं. म्हणून पॅच हा कधीही मॉर्फिन न घेतलेल्या माणसाला पहिलं औषध म्हणून लावायचा नसतो, कितीही सुटसुटीत वाटला तरी.

घरी सोडताना मी एक तास सुनेबरोबर बसलो. पॅच पाठीवर वरच्या बाजूला, दर तीन दिवसांनी, जागा बदलून, त्यावर पेनानं तारीख. नवा लावायच्या आधी जुना काढलाय का ते हात फिरवून बघायचं. कापायचा नाही. आणि शेक नाही. हे मी दोनदा सांगितलं, कारण त्या घरात कंबर दुखली की तव्यावर वीट तापवून, फडक्यात गुंडाळून शेकायची पद्धत होती. उष्णतेनं कातडीतून औषध झपाट्यानं आत जातं. ताप चढला तरी तेच, म्हणून ताप आला की फोन. तोंडातल्या बुरशीसाठी फ्लुकोनाझोल किंवा खोकल्यासाठी क्लॅरिथ्रोमायसिन कुणी लिहून दिलं, तर घ्यायच्या आधी फोन, ही औषधं यकृताचा तोच रस्ता अडवतात. प्रीगाबालिन रात्री एकच, ५० मिलिग्रॅम. मधल्या कळेला मॉर्फिन ५ मिलिग्रॅम, दिवसात जास्तीत जास्त दोनदा, सहा तासांच्या अंतरानं, आणि तेही पिशवी भरत असेल तरच. डायक्लोफिनॅक कुणाच्याही सांगण्यावरून नाही.

घरात तीन वर्षांचा नातू होता. वापरलेल्या पॅचमध्येही लहान मुलाचा जीव जाईल एवढं औषध उरलेलं असतं. चिकट बाजू आत घेऊन घडी घालायची, डबीत टाकायची, डबी फडताळात वर, आणि आमच्याकडे परत.

वहीत सुनेनं स्वतःच रेघ मारून आठवा रकाना काढला आणि वर लिहिलं, 'पिशवी'. आता तो आमच्या सगळ्याच वह्यांत आहे. लघवी निम्म्यावर आली, किंवा एका दिवसात दोनपेक्षा जास्त जादा डोस लागले, की डोस वाढवण्याआधी क्रिएटिनिन. ओटीपोटातल्या कॅन्सरला ते तसंही दर दोन आठवड्यांनी.

आक्का त्यानंतर सव्वातीन महिने होत्या. दुखणं बहुतेक दिवस तीन-चार आणे. एकदा नळी सरकली, ती बदलली. शेवटच्या आठवड्यात पिशवी पुन्हा कोरडी पडायला लागली. मुलगा म्हणाला, मशीनवर नेऊया. सुनेनं केसपेपर काढून त्याच्यासमोर ठेवला. पॅच तसाच ठेवला होता, गिळता येत नव्हतं तरी त्याचा प्रश्न आला नाही.

तेराव्यानंतर दोघं रुग्णालयात आले. मुलानं खिशातून तंबाखूची पत्र्याची डबी काढून टेबलावर ठेवली. सिस्टरांनी रजिस्टर उघडून मोजलं : वापरलेले घडी घातलेले अकरा, न वापरलेले दोन, मॉर्फिनच्या गोळ्या साडेचार. 'परत' या रकान्यात आकडे लिहिले, मुलानं सही केली, सुनेनं वही मागितली. ती आम्ही तिला दिली.